होलकान राजाचे मान वळवणारे दगड

तर बाळांनो, एका राजाच्या पोटात दुखायचं. ओवा चावला की थांबेल, असलं दुखणं नव्हे, बरं का. दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही तेव्हा दुखतं ना, तसलं.

राजाचं नाव होलकान. पार समुद्रापलीकडे, दाट जंगलात माया लोकांची दगडी नगरं होती. त्यातल्या नदीकाठच्या नगराचा हा राजा. डोक्यावर हिरव्या पिसांचा हा एवढा मुकुट! आणि एका दिवसाच्या चालीवर, टेकडीवरच्या नगरात राज्य करायची त्याची धाकटी बहीण, इशनिक.

त्यांच्यात रीत होती, राजानं चौकात उंच दगड उभा करायचा. त्यावर आपला चेहरा कोरायचा, बाजूला आपली हकीकत लिहायची. इशनिकनं तसा दगड उभा केला. लोक लांबून बघायला यायचे. म्हणायचे, "दगड कसला, जिवंत बाईच उभी आहे!"

हे होलकानच्या कानावर गेलं. मग काय, त्याला घास गोड लागेना. त्यानं तिच्यापेक्षा उंच दगड खाणीतून काढवला. त्या लोकांकडे बैल नव्हते, गाडी नव्हती. शंभर माणसांनी खांद्याला दोर लावून तो ओढत आणला. त्यावर राजाचा चेहरा कोरला, आणि चौकात उभा केला.

सकाळी लोक फुलं घेऊन आले. बघतात तर काय! दगडातल्या राजानं मान वळवलेली. समोरून दिसतोय नुसता कान. आणि तोंड कुठं? बहिणीच्या नगराकडे!

राजा भडकला. म्हणाला, "पाथरवट चुकला." मग दुसरा दगड आणवला, आणखी उंच. त्याचीही मान वळली. मग तिसरा आणवला, सगळ्यांत उंच. तो मंदिराच्या शंभर पायऱ्या चढवून वर नेला. तोही वळला. वर त्याच्या कपाळाला आठी पडलेली, आणि ती तर कुणी कोरलीच नव्हती!

या ओढाओढीत पेरणीचे दिवस निघून गेले. मका पेरायचाच राहिला. घरोघरी चुली थंड, पोरं भुकेनं रडताहेत. इशनिकला कळलं तसं तिनं टोपल्या भरभरून मका पाठवला. लोक जेवले आणि म्हणाले, "इशनिकबाईंचं भलं होवो."

झालं! राजाला कुणी डागणी दिल्यासारखं झालं. माझी माणसं, आणि नाव तिचं घेतात? त्यानं दगडाचा हातोडा उचलला आणि एकटाच निघाला.

दुसऱ्या दिवशी तिच्या नगरात पोचला तेव्हा भर दुपार. सगळे शेतात, चौकात कुणी नाही. त्यानं बहिणीच्या दगडावर एक घाव घातला, ठिणगी उडाली. दुसरा घातला, चीर गेली. तिसरा घातला, आणि दगडातल्या इशनिकचं नाक तुटून त्याच्या पायाशी पडलं.

राजानं ते उचललं. अगदी त्यांच्या आईसारखं नाक. त्याला वाटलं होतं, आता बरं वाटेल. पण कुठलं बरं वाटतंय! ते नाक हातात धरून तो तिथंच बसला.

आवाज ऐकून माणसं काठ्या घेऊन धावली. इशनिकनं त्यांना थांबवलं. तिचे हात मातीनं भरलेले होते.

"दादा, हे काय केलंस?"

वीज पडली म्हणून सांगता आलं असतं. पण राजा म्हणाला, "मला तुझा हेवा वाटतो गं. लहानपणापासून वाटतो."

इशनिकनं हातांची माती झटकली. मग म्हणाली, "मलाही तुझ्या नदीचा वाटतो. माझ्या बाया पाण्यासाठी दिवसभर टेकडी चढतात, उतरतात. पण म्हणून मी तुझी नदी बुजवायला आले नाही, दादा."

राजानं मान खाली घातली.

"आता ते नाक बसव," ती म्हणाली. "पाथरवटाला नाही बोलवायचं. तूच बसव."

मग राजा तीन दिवस उन्हात बसून चुना कालवत होता. नाक बसलं, पण वाकडं! पोरं खो खो हसली. राजानं ते मुकाट्यानं ऐकून घेतलं.

घरी येऊन त्यानं सांगितलं, "आता दगड पुरे." आणि स्वतः काठी घेऊन शेतात उतरला, माणसांबरोबर भोकं पाडून मका टोकायला. उशिराचा का होईना, मका आला. मग त्याच शंभर माणसांना घेऊन त्यानं बहिणीच्या नगरात मोठं तळं खोदून दिलं. पावसाचं पाणी त्यात साठायला लागलं, आणि बायांचं टेकडी चढणं थांबलं.

हेवा अगदी गेला का? नाही गं, एका दिवसात कुठं जातोय! पण वाटला की तो बहिणीकडे जायचा, तोंडावर सांगून टाकायचा, आणि मक्याच्या पिठाचे वाफवलेले गरम उंडे खाऊन परत यायचा.

पुढं दोन्ही नगरांत मका उदंड पिकला, तळं काठोकाठ भरलं, आणि सगळी सुखानं नांदली. चला, मिटा डोळे. पांघरूण दोघांना पुरतं, ओढू नका. झोपा आता.