परत आलेला कावळा

पूर्वी शूर्पारक नगरात चंद्रवर्मा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व कावळ्याच्या योनीत जन्मला होता. राजाचा या कथेशी पुढे काही संबंध नाही. पण त्या काळी राजाला वगळून जन्म घेण्याची रीत नव्हती.

तेव्हाचे नाखवे गलबतावर एक कावळा बाळगीत. भर समुद्रात दिशा हरवली की त्याला सोडून देत. तो परत आला तर चहूकडे पाणीच आहे असे समजायचे. परत आला नाही, तर तो गेला त्या दिशेला जमीन आहे असे धरून गलबत सरळ त्याच्या मागे हाकायचे. नंदिक नाखव्याच्या घराण्यात हा नियम आजोबा-पणजोबांपासून चालत आला होता. नंदिकाचा सगळा जीव समुद्रात. जमिनीवर त्याला धड झोपही लागत नसे. बोधिसत्त्वाला त्याने पिल्लू असल्यापासून हातावर भरवले होते, आणि पायाला दोरी बांधून पिंजऱ्यातही ठेवले होते. माणसाच्या प्रेमात या दोन गोष्टी सुखाने नांदतात.

एकदा सुवर्णभूमीहून परतताना वादळाने गलबत भरकटवले. वादळ शमले, पण ढग हटेनात. सूर्य नाही, तारे नाहीत. पाण्याचे रांजण फुटले होते. उरलेल्या एका रांजणाचा तळ दिसू लागला, तेव्हा नंदिकाने पिंजऱ्याचे दार उघडले.

बोधिसत्त्व उंच उडाला. दूरवर त्याला हिरवे बेट दिसले. तिकडे जाताना खाली भरतीच्या पाण्यात बुडालेली काळ्या खडकांची लांबलचक रांगही त्याने पाहिली. बेटावर गोड्या पाण्याचा झरा होता. तो पोटभर प्याला.

झाडावरचा एक म्हातारा कावळा म्हणाला, "या पाव्हणं. पायाला दोरीची खूण दिसते. सुटलात म्हणायचे! आता इथेच राहा."

"राहिलो असतो," बोधिसत्त्व म्हणाला. "पण मी परतलो नाही, तर ते सरळ माझ्या मागे येतील आणि खडकावर फुटतील. मी आलो ती वाट पंखांची होती, दादा. गलबताला ती चालायची नाही."

"अहो, ज्यांनी कोंडले त्यांच्यासाठी पुन्हा कोंडून घ्यायला जाता? डोके ठिकाणावर आहे ना?"

"तहान लागली आहे त्यांना," एवढेच बोलून बोधिसत्त्व उडाला.

तो डोलकाठीवर येऊन बसला आणि खलाशांनी आकांत मांडला. परतला, म्हणजे जमीन नाही! नंदिकाने जड आवाजात गलबत उलटे फिरवायला सांगितले. गलबतावरच्या मालाचा धनी सोमिल शेट डोलकाठीशी येऊन ओरडला, "मुरगाळा त्या अपशकुनी पाखराची मान!"

नंदिकाने बोधिसत्त्वाला खाली हातावर बोलावले. परतलेल्या कावळ्याला आधी पाणी पाजायचे, ही त्याची स्वतःची सवय होती. त्याने आपल्या वाट्याचा घोट वाटीत ओतून पुढे केला.

"इथे माणसांच्या घशाला कोरड पडली आहे नि कावळ्याला पाणी?" शेट म्हणाला.

"माझ्या वाट्याचे आहे, शेटजी."

बोधिसत्त्वाने वाटीकडे पाहिले आणि चोच फिरवली. नंदिकाने वाटी पुन्हा पुढे केली. त्याने पुन्हा चोच फिरवली.

नंदिकाने वाटी मागे घेतली. मग म्हणाला, "हा पिऊन आला आहे."

"पण नियम?" शेट म्हणाला. "तुमचाच नियम ना? परतला की जमीन नाही!"

"नियम आमच्या पणजोबांचा, शेटजी. कावळ्याला तो कोणी सांगितला असेल असे वाटत नाही."

बोधिसत्त्व उडाला. या वेळी तो बेटाकडे सरळ न जाता दक्षिणेला वळला, थोडे अंतर जाऊन परतला, डोलकाठीवर टेकला आणि पुन्हा त्याच वाटेने गेला. नंदिकाने सुकाणू तिकडे वळवले. उतरत्या दुपारी ओहोटी लागली, आणि डाव्या हाताला पाण्यातून एकेक काळा सुळका वर येऊ लागला. सकाळी कावळा गेला होता ती सरळ रेषा बरोबर त्या सुळक्यांतून जात होती. ते पाहायला गलबतावरचे सगळे कठड्याशी गोळा झाले, शेटसुद्धा. दिवेलागणीला त्यांनी बेटावर पाणी पिऊन घेतले.

नंदिकाने पिंजरा तिथेच टाकून दिला. निघताना बोधिसत्त्व आपणहून डोलकाठीवर येऊन बसला. शूर्पारकात उतरल्यावर सोमिल शेट सांगू लागला की, कावळा हुशार आहे हे आपण पहिल्यापासून ओळखले होते. नंदिकाने मात्र आपल्या मुलांना घराण्याचा नियम शिकवताना एक वाक्य वाढवले: परत आला, तर आधी पाणी देऊन पाहा.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, जेतवन विहारात सांगितली, ती एका भिक्षूला. त्याला अरण्यात शांत कुटी मिळाली होती, आणि विहारात आजारी पडलेल्या सोबत्यांच्या सेवेला परत येऊन राहायला तो राजी नव्हता. शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा नंदिक नाखवा आजचा भिक्षू आनंद होय. बेटावरचा म्हातारा कावळा हा कुटीवाला भिक्षू. आणि परतलेला कावळा मीच होतो." सोमिल शेट कोण, ते त्यांनी सांगितले नाही, पण सभेत बरेच जण जमिनीकडे पाहू लागले.

कुटीवाला भिक्षू उठला, कोपऱ्यातली पाण्याची घागर त्याने खांद्यावर घेतली आणि तो आजाऱ्यांच्या खोलीकडे गेला. शास्त्यांनी त्याच्याकडे पाहून या गुणाचे नाव उच्चारले: करुणा.