भाऊ या शब्दाचा अर्थ

फार जुन्या काळी डोंगराच्या पायथ्याशी ख्रिस्ती लोकांचं एक छोटंसं गाव होतं. तिथं दोन भाऊ राहत. थोरला चर्चमध्ये उपदेशक होता. त्याच्याइतकं शास्त्र पंचक्रोशीत कुणाला येत नसे. धाकटा उपासनेत ढोलकीवर प्रभूची भजनं गायचा.

एका रविवारी थोरल्यानं त्याला भजनाच्या मध्येच थांबवलं. "तमाशातलं वाद्य देवाच्या घरात पुन्हा आणू नकोस," तो सगळ्यांदेखत म्हणाला. धाकटा खाली मान घालून उठला. त्यानं गाव सोडलं आणि डोंगरावरच्या वाडीत घर केलं. चर्चची पायरी तो पुन्हा चढला नाही. भावाभावांचं बोलणंही तुटलं.

वर्षं गेली. एकदा प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून भाकर खाण्याचा दिवस होता. मेजावर भाकर आणि द्राक्षारस मांडून झाला होता. एवढ्यात धाकट्याची बायको धापा टाकत दाराशी आली.

"दादा, ह्यांचा ताप उतरत नाही. सारखं तुमचं नाव घेतात. आत्ता चला."

"उपासना आटोपली की येतो," उपदेशक म्हणाला. "आधी देवाचं काम."

ती धावतच परत फिरली. नवरा घरात एकटा होता.

पुढच्या बाकावरची म्हातारी हळूच म्हणाली, "उपदेशक, वेदीपाशी येण्याआधी भावाशी समेट करून ये, असं तुम्हीच शिकवलंत ना? या जाऊन. आम्ही थांबतो."

उपदेशकाचा चेहरा उतरला. जावं, असं त्याला क्षणभर वाटलंही. पण सगळी मंडळी बघत होती, आणि आज गेलो तर भजन थांबवलं तेव्हा चुकलो असं होईल, हे त्याच्या मनानं घेतलं.

"आजी, तिथं भाऊ म्हणजे चर्चच्या मंडळीतला भाऊ," तो म्हणाला. "यानं तर मंडळीच सोडली. ते वचन त्याला लागू नाही."

त्याच्याइतकं शास्त्र म्हातारीला कुठून येणार?

उपदेशकानं भाकर मोडली, सगळ्यांना वाटली, स्वतः खाल्ली. मग तो डोंगर चढू लागला. अर्ध्या वाटेवरच त्याला वरून रडण्याचा आवाज ऐकू आला.

धाकट्याच्या अंगावर चादर ओढलेली होती. उपदेशक उंबऱ्यातच खाली बसला.

"काय म्हणत होता?"

"दादा आला का, एवढंच. शेवटपर्यंत दाराकडं बघत होते."

त्यानं हात जोडले. "मला माफ कर, बाई."

"माफी त्यांच्याकडं मागायची होती, दादा," ती म्हणाली. "त्यांच्या वतीनं मी कशी देऊ?"

त्यानंतरही प्रभुभोजन होत राहिलं. उपदेशक सगळ्यांना भाकर द्यायचा. आपला तुकडा मात्र हातात धरून उभा राहायचा आणि तसाच ताटात परत ठेवायचा. मरेपर्यंत तो त्याच्या तोंडात गेला नाही.

तात्पर्य: देवाचं वचन टाळण्यासाठी त्याचा अर्थ लावणारा माणूस भावालाही मुकतो आणि देवाच्या मेजालाही.