रानजाईचा दगड

समुद्राला खेटून वसलेल्या एका गावात वादळांना फुलांची नावं द्यायची चाल होती. गोड नावानं हाक मारली की वादळ जरा हळवं होतं, असं तिथले म्हातारे सांगत. वादळ हळवं झाल्याचं कुणीच कधी पाहिलं नव्हतं, पण चाल होती. तेरडा, सोनकी, कुरडू, रानजाई अशी नावं पाळीपाळीनं फिरत. समुद्र काळवंडला की डफवाला आळीआळीतून ओरडत जाई, "सोनकी येतेय हो, सोनकी!" आणि लोक कामाला लागत.

या चालीला एक कडक नियम जोडलेला होता. ज्या वादळानं माणूस नेला, त्याचं नाव पुरायचं. म्हणजे ते दगडावर कोरायचं, पाणी जिथवर चढलं तिथं तो दगड रोवायचा आणि ते नाव पुन्हा कुठल्याही वादळाला द्यायचं नाही. दगडाच्या खालच्या अंगाला कुणी चूल मांडायची नाही.

एका वर्षी रानजाई आली. मिठागराच्या बांधावरच्या झोपड्या तिनं खरवडून नेल्या आणि झोपड्यांबरोबर माणसंही नेली. चांगुणा नावाची मुलगी त्या दिवशी मिठाची पाटी घेऊन टेकडीवरच्या आळीत गेली होती, म्हणून वाचली. तिचा बाप वाचला नाही. पाणी ओसरल्यावर तो सापडला तो थेट गावपाटलाच्या फाटकापाशी, गज घट्ट धरलेला. फाटक आतून बंद होतं. त्याची बोटं सोडवताना चांगुणा रडली नाही. पाणी कुठवर आलं होतं, ते तिनं नीट पाहून ठेवलं.

मग देवळाच्या ओट्यावर पंच बसले.

"रानजाईचं नाव पुरा," चांगुणा म्हणाली. "दगड पाटीलबाबांच्या फाटकाशी रोवा. पाणी तिथवर आलं होतं."

पाटलानं मान खाली घातली. फाटकाच्या खालच्या सपाटीवर त्यानं मुलांसाठी नवी घरं बांधायचं ठरवलं होतं. दगड फाटकाशी आला असता तर त्या घरांत चूल पेटली नसती.

"पोरी, नियम गावच्या माणसांसाठी आहे," तो हळूच म्हणाला. "मिठागरावरची माणसं पोटासाठी आलेली. रानजाईनं गावातलं कुणी नेलं नाही."

"आम्ही काढलेलं मीठ गावच्या कालवणात चालतं ना?"

"तोंड सांभाळ!" एक पंच खेकसला. दुसरा म्हातारा हसत म्हणाला, "अगं, एवढी गोड नावं पुरत बसलो तर पुढच्या वादळांना काय धोंड्या-दगड्या म्हणायचं?"

"म्हणा की! निदान लोक घाबरून पळतील तरी."

ओट्याखाली बसलेल्या बायका पदराआड हसल्या. पंच हसले नाहीत. शेवटी पाटलानं तोडगा काढला. "तुझं मन राखतो. दगड रोवू, पण खाली बांधावर. तिथं तुमच्या झोपड्या होत्या ना?"

"घे गं बाई," मिठागरावरचीच एक म्हातारी कुजबुजली. "दगड तर मिळतोय."

चांगुणानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "पाणी बांधावर थांबलं नव्हतं, पाटीलबाबा. तुम्ही दगड तिथं रोवाल आणि त्याच्या वर राहणारा प्रत्येक जण निर्धास्त झोपेल. असला खोटा दगड माणसं मारेल. मला नको."

"मग राहिलं," पाटील उठला. "दगडही नाही आणि नाव पुरणंही नाही. रानजाई पाळीत राहील."

आणि ती राहिली. नव्या घरांत चुली पेटल्या. तिथल्या अंगणात पाटलाची सून आपल्या तान्ह्याला खेळवू लागली. तेरडा येऊन गेला, सोनकी आली, कुरडू आला. कुणाचं छप्पर उडालं, कुणाची होडी फुटली. रानजाईबद्दल बोलायचं तर लोक एवढंच म्हणत, "ती तर बरी होती. पंचांनी नाव पाळीत ठेवलंय की तिचं."

पुन्हा तिची पाळी आली. भर दुपारी समुद्र काळा पडला आणि डफवाला ओरडत निघाला, "रानजाई येतेय हो, रानजाई!"

गावानं दारं लावून घेतली, एवढंच. चांगुणानं मात्र मिठागरावरची माणसं आधीच टेकडीवर पिटाळली होती. ती धावत खाली नव्या घरांकडे आली. पाटलाची सून तान्ह्याला कडेवर घेऊन दारात उभी होती.

"वहिनी, वर चला!"

"मामंजींना विचारल्याशिवाय कशी येऊ? ते वर गेलेत देवळात." तिनं वाऱ्यात पदर सावरला. "आणि रानजाईच आहे ना? मामंजी म्हणतात, मागच्या वेळी तिनं कुणाला नेलं नव्हतं."

"माझा बाप कुणीच नव्हता का?"

सुनेनं ओठ चावला. तिनं उंबऱ्याबाहेर एक पाऊल टाकलंसुद्धा. मग आतून सासूचा आवाज आला, "दार लाव गं, वारा शिरतोय!" आणि दार लागलं.

चांगुणानं ते दोन्ही हातांनी बडवलं. पाणी पोटऱ्यांना लागलं, गुडघ्यांना लागलं, तरी बडवत राहिली. कंबरेशी आल्यावर मात्र ती वळली आणि टेकडीकडे झेपावली.

पाणी मागच्या वेळेइतकंच चढलं. नवी घरं त्याच्या पोटात गेली. ओसरल्यावर गावानं पाहिलं, तर पाटलाच्या फाटकाशी त्याची सून पडली होती. एका हातानं तिनं गज धरला होता, दुसऱ्या हातानं बाळ. फाटक या वेळीही गड्यांनी आतून लावून घेतलं होतं.

पाटलानं पंच बोलावले नाहीत. दगड त्यानं स्वतःच ओढत आणला आणि फाटकाशी खड्डा खणायला बसला. पाथरवटानं त्यावर रानजाईचं नाव कोरलं. चांगुणा थोड्या अंतरावर उभी होती. कुदळ उचलायला ती पुढे झाली नाही.

दगड उभा राहिला तेव्हा पाटील चिखलातच बसून राहिला. मग त्यानं मान वर केली.

"पोरी, तुझ्या बापाचं नाव काय होतं गं?"

"आज विचारताय?"

पाटलानं दगडावर उडालेला चिखल हातानं पुसला.

"बुधाजी," चांगुणा म्हणाली आणि टेकडीकडे चालू लागली.

तात्पर्य: मेलेल्यांत आपला कोण आणि परका कोण हे जे गाव निवडत बसतं, ते पुढच्या मरणाला स्वतःच्या दाराची वाट दाखवतं.