शेपटाकडचा तुकडा

फार मागे, खाऱ्या पाण्यात तगणाऱ्या भाताचं शेवटचं जनुक एका काचनळीत एकटंच उरलं होतं. जिवाणूच्या घरी पोचलं, तरच त्याच्या प्रती निघणार होत्या. तिथे नेणारी, जनुक पोटात घेऊन जिवाणूत शिरणारी डीएनएची गोल कडी दोन होती.

थोरलं कडं म्हणालं, "मी तुला अख्खं नेईन. पण प्रती एखाद-दोनच निघतील."

"माझ्यासोबत शेकडो निघतील," धाकटं म्हणालं. "फक्त तू फार लांब आहेस बाबा. शेपटाकडचा तुकडा इथेच ठेव."

एकटेपणाला विटलेल्या जनुकाने तुकडा तोडला.

शेकडो प्रती निघाल्या, त्या भातात घातल्या गेल्या, त्याची रोपं झाली, खाडीकाठ हिरवा झाला. मग उधाण आलं आणि सगळी रोपं माना टाकून पडली.

"मी तर तुला जिवापाड जपलं!" धाकटं कडं रडलं.

"जपलंस ना," जनुक म्हणालं. "पण खाऱ्या पाण्याशी झुंजणारं जे होतं, ते नळीतच राहिलं."

ती नळी केव्हाच विसळून उपडी ठेवली होती.