दगडी पाल्याला आमंत्रण

एका राज्यात भद्रकेतू नावाचा राजा होता. त्याला अंगणात तण म्हणून खपत नसे. फरशीच्या फटीत दगडी पाला उगवला, की तो उपटून जाळायचा हुकूम सुटे. एकदा त्या जळत्या पाल्यातून वनदेवी उठली. म्हणाली, "राजा, तुझ्या घरात जखम होईल. ती भरायची नाही."

पुढे राजकन्या केतकीच्या तळपायात काच शिरली. रक्त थांबेना. वैद्यांचे लेप वाहून गेले. लेक पांढरीफटक पडली.

"बाबा, मला झोप येतेय."

"झोपू नकोस, बाळ. मी आलोच."

जखमेवर दगडी पाल्याचाच रस चालतो, हे राजाला आता आठवले. तो पाला शोधायला धावला. पण राज्यात पाला उरलाच कुठे होता? कुंपणावरची साळुंकी मनुष्यवाणीने बोलली, "महाराज आणि तण शोधताहेत? नवलच! चला, डोंगरापलीकडे एका मांत्रिकाच्या गडावर आहे."

गडाच्या पहिल्या दारात सोन्याची झाडे होती. राजाने पान चुरगळून पाहिले. रस निघेना. तो पुढे गेला.

दुसऱ्या दारात शापित खजिना होता. माणके ओरडली, "आम्हांला ने, दुसरे राज्य विकत घे!"

"आणि लेक कुठून विकत घेऊ?" राजा म्हणाला. खजिना मुका झाला.

तिसऱ्या दारात नुसती पडकी भिंत. तिच्या फटींत दगडी पाल्याची दोन रोपे. केसाळ पाने, उंच दांडीवर एकुलते फूल. राजाने सवयीने एक रोप मुळासकट ओढले. हातात येताच रोपाचा दगड झाला!

"अहो, औषध असे ओरबाडतात का?" साळुंकी कडाडली. "आधी पाणी घालून आमंत्रण द्यावे. पाने घ्यावी, मूळ राखावे."

राजाने मुकुट काढला, त्यात जवळच्या झऱ्याचे पाणी भरून आणले, उरलेल्या रोपाला घातले. गुडघे टेकून म्हणाला, "माय, माझ्या लेकीसाठी चल."

पाने आपणहून त्याच्या हाताकडे वाकली.

घरी येऊन राजाने पाला तळहातावर चोळला, हिरवा रस जखमेवर पिळला.

"बाबा, झोंबतंय!" केतकी किंचाळली.

"झोंबू दे गं, झोंबू दे!" राजा रडत रडत हसला. रक्त थांबले होते. शाप सुटला होता.

सकाळी अंगणात फटीफटींतून हिरवे कोंब वर आले. झाडणारी बाई दचकून म्हणाली, "म्हाराज, उपटू?"

"नको, भागूबाई. पाणी घाल."

केतकीची जखम जशी भरली, तशी तुमच्याआमच्या लेकरांची भरो.