राहीने धुतलेली रोपं

फार फार वर्षांपूर्वी नदीने जुनं गाव गिळलं आणि लोक पल्याडच्या मुरमाड टेकाडावर राहायला आले, तेव्हाची ही गोष्ट.

कांद्याची रोपं मात्र नदीअल्याड वाचलेल्या जुन्या मळ्यात, राहीच्या वाफ्यात वाढली होती. राही तान्ह्या लेकराची आई. लेकरू सारखं आजारी, आणि जाऊ येता-जाता म्हणे, "तुझे मळके हातच बाधतात त्याला." म्हणून राही धूतच सुटली. दुपटी धुतली, पाळण्याच्या दोऱ्या धुतल्या, आणि गावाला वाटायची रोपंही नदीत खळखळून धुतली. मुळाशी वाफ्याची माती ठेवूनच रोप द्यायचं, ही जुनी रीत. पण लोकांच्या घरी चिखल कसा धाडायचा?

टेकाडावर लावणी झाली. पाणी होतं, शेणखत होतं, तरी पात सुईएवढीच राहिली. गाव म्हणालं, नजर लागली. बोट वळलं वेणूआत्याकडे. मूलबाळ नसलेली बाई, लावणीला बांधावर उभी होती ना! पाणवठ्यावर तिला घागर बुडवू देईनात. राहीच्या परसात धुवायची राहिलेली दोन रोपं तेवढी तरारली होती. राही समजली, पण बोलली नाही.

एकदा आत्याच दारी आली. "लेकरासाठी काढा आणलाय गं. ओट्यावर ठेवते. भांडं घासून घे हो."

राहीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती तडक नदीकडे निघाली. लाजेने तिची मान वर होईना, तेव्हा पाण्यानेच बाजूला होऊन वाट दिली, असं म्हणतात. जुन्या मळ्यात तिने माती उकरली. आत कापसाहून बारीक पांढरे धागे. तान्ह्याने धरावं तसं त्यांनी तिचं बोट धरलं. हेच धागे लांबलांबचा कस ओढून मुळाच्या तोंडी घालतात, हे तिला तेव्हा कळलं.

ओटीत माती घेऊन ती पाणवठ्यावर जमलेल्या गावापुढे आली. "रोपं मी धुतली. आत्याला बोल लागला, तरी गप्प बसले."

"आणि आता सांगतेस?" जाऊ म्हणाली.

"आता सांगते."

कडेला रिकामी घागर घेऊन उभ्या आत्याने नुसती ओंजळ पुढे केली. दोघींनी रोपारोपाशी चिमूट चिमूट माती घातली, आणि ओटी काही रिती होईना, असं म्हणतात. टेकाड हिरवंगार झालं.

आजही तिथे रोपांची मुळं कुणी धूत नाही. लावणीला पहिली चिमूट एखाद्या एकट्या बाईच्या हातून पडते, आणि सारं गाव मान खाली घालून उभं राहतं. पोरं विचारतात, "राहीची लाज म्हणून?"

"राहीने सांगून टाकलं रे बाळा," बाया म्हणतात. "बोट दाखवणारे आपणच की."