सटवाजीचा ओळंबा

ते मोजायचं यंत्र आधी पिशवीत ठेवा. स्टुडिओची ही पूर्वेची भिंत वरून चार बोटं आत कललेली आहे, हे आमच्या धोंडपाडळी गावातलं शेंबडं पोरही सांगेल. तो वरचा खिळा पाहा. त्याला दोरीने टांगलेलं लोखंडी वजन म्हणजे गवंड्याचा ओळंबा. भिंत सरळ असती तर तो तिला चिकटून राहिला असता. या टीव्ही केंद्रात मी तीस वर्षं सुतार म्हणून सेट ठोकले. केंद्र बंद पडलं, कॅमेरे गेले, पंखेसुद्धा गेले. ओळंब्याला मात्र कुणी हात लावला नाही.

बाहेरच्या नव्या पाटीवर लिहिलंय की ही कलती भिंत तज्ज्ञांनी विचारपूर्वक बांधली. तज्ज्ञांनी! वाचलं की डोकं फिरतं माझं.

सटवाजी धोत्रे नावाचा गवंडी होता. विहिरी बांधण्यात पंचक्रोशीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, असं सांगतात. केंद्र बांधायला काढलं तेव्हा हा स्टुडिओ त्याच्याकडे आला. खिडकी एकही नाही, नुसत्या जाड भिंती. तीन उभ्या झाल्यावर सटवाजी मधोमध उभा राहून खाकरला म्हणे, आणि ते खाकरणं दोन्हीकडच्या भिंतींवर आपटत राहिलं. विहिरींत आयुष्य गेलेला माणूस तो, त्याला लगेच कळलं. तो केंद्राच्या साहेबाकडे गेला.

"सायेब, समोरासमोरच्या भिंती एकमेकीकडं आवाज फेकत्यात. ह्यात गानारं मानूस बुडंल. ऱ्हायलेली भिंत तरी कलती घिऊ."

"तू विटा लाव," साहेब हसून म्हणाला. त्याचं नाव मी तोंडाने घेणार नाही. दाराशी संगमरवरावर कोरलंय, हवं तर वाचा.

सटवाजीने चौथी भिंत कलतीच बांधली. साहेबाने ओळंबा लावून पाहिला आणि त्याचं पित्त खवळलं. तोच ओळंबा त्याने सटवाजीच्या गळ्यात बांधला आणि बाजाराच्या दिवशी त्याला गावातून फिरवलं. लोक हसले. आमचेच लोक! माझा बापही त्यांत होता, आणि त्याची मला अजून चीड येते. सटवाजी चौकात थांबला आणि त्याने सगळ्यांदेखत शपथ घेतली.

"भिंत खरी ठरंपातुर ह्यो गळ्यातनं निघनार न्हाई. आन ज्यानं बांधलाय, त्यानंच सोडायचा."

उद्घाटन तोंडावर आलं होतं, म्हणून भिंत पाडली नाही, तिच्यावर पडदा सोडला. पहिल्या कार्यक्रमाला गजराबाई नावाच्या बाईंना ओव्या गायला बोलावलं. त्यांचा आवाज त्यांच्याच अंगावर परत येई. आठ दिवस खटाटोप चालला. नवव्या दिवशी बाई वैतागल्या, त्यांनी पडदा ओढून बाजूला केला आणि या भिंतीकडे तोंड करून गायल्या. शब्द न् शब्द स्वच्छ आला, असं सांगतात.

साहेब काय समजायचं ते समजला. दुसऱ्या भिंतींवर या तिरक्या फळ्या त्यानेच मारून घेतल्या. पण सटवाजीच्या घराकडे त्याचे पाय वळले नाहीत. ही टेकडी उतरली की घर होतं हो! सटवाजी पुढे दोन वर्षं जगला. ओळंबा गळ्यात घालूनच कामाला गेला, घालूनच जेवला आणि घालूनच मेला. मानेला घट्टे पडले होते म्हणे. त्याची बायको सुंदराबाई हिने प्रेताच्या गळ्यातली दोरी कापली, टेकडी चढली आणि साहेबासमोर या खिळ्याला ओळंबा टांगला. "आता मोजा," एवढंच म्हणाली.

आजही आमच्या गावात घर बांधायला काढलं की मालक आधी स्वतःच्या गळ्यात ओळंबा बांधून गवंड्यासमोर उभा राहतो. गवंडी आपल्या हाताने दोरी सोडतो, मगच पहिला दगड बसतो. यातून कुणाचीच सुटका नाही, सरपंचाचीसुद्धा नाही.

गेल्या महिन्यात एक अधिकारी आला होता. इथे लग्नाचा हॉल करायचाय, ही वाकडी भिंत पाडून सरळ बांधा म्हणाला. मी खिळ्यावरचा ओळंबा काढला आणि त्याच्यापुढे धरला. म्हटलं, "घाला गळ्यात. सटवाजीची नात खाली गावात गवंडीकाम करते. ती सोडेल, तेव्हा पाडा." त्याने मान मागे घेतली आणि गाडीत जाऊन बसला.

पुन्हा येणार आहे म्हणे. येऊ दे. ओळंबा इथेच आहे.